लग्नाचा हुकूम

साग्वा, ग्वाम
२० सप्टेंबर १८९९

प्रिय एन्ग्रासियाताई,

तुझ्या हातावर लांबूनच ओठ टेकतो. ही चिठ्ठी जपानी व्यापाऱ्याच्या गलबतातून येते आहे, तेव्हा तिला सुक्या मासळीचा वास येईल. तो माझा समजू नकोस.

बातमी अशी की तुझा भाऊ गावप्रमुख झाला. आधी पोटभर हसून घे. स्पॅनिश गेले, अमेरिकन आले, आणि नव्या गव्हर्नरसाहेबांनी प्रत्येक गावात लिहिता-वाचता येणारा एकेक माणूस शोधायला सांगितला. आपल्या गावात असे तिघं निघाले. एकाला ऐकू येत नाही, दुसरा दुपारपासूनच माडी घेऊन आडवा असतो. उरलो मी. मला एक टोपी मिळाली आहे. ती कानांवर टेकते, पण तिचं पितळी बटण छान चकाकतं.

हे लोक आपल्याला लढाईत जिंकल्याचं सांगतात. लढाई झाली कुठे ते आम्हाला अजून नीटसं कळलेलं नाही. इथे बंदरात चार तोफा वाजल्या, आमच्या स्पॅनिश साहेबांना वाटलं की सलामी दिली, आणि ते परत सलामी द्यायला तोफेत दारू नाही म्हणून माफी मागायला गेले. तिथेच पकडले गेले. झालं राज्य. नवे गव्हर्नरसाहेब आरमारातले आहेत, त्यामुळे जहाजावर जशी शिस्त तशी बेटावर. डुकरं बांधून ठेवा. घरामागे भाजी लावा. संतांच्या सणाच्या मिरवणुका बंद. स्पॅनिश पाद्रीबाबांना तर गलबतात बसवून रवाना केलं. हे सगळं मी चौकात ढोल वाजवून वाचून दाखवतो. लोक फार अदबीनं ऐकून घेतात, आणि डुकरं अजून मोकळी आहेत.

परवा मात्र असा हुकूम आला की लोकांनी कान टवकारले. जे स्त्री-पुरुष लग्नावाचून एका घरात राहतात, त्यांनी तीन नोव्हेंबरच्या आत आगान्याला कचेरीत जाऊन लग्न करावं. परवाना फुकट. जे करणार नाहीत त्यांना दहा दिवस कोठडी. अशा लोकांची यादी गावप्रमुखानं करून पाठवावी.

ताई, अर्धा वाचून होईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. समोर पहिल्या रांगेत खसखस पिकली तेव्हा पडला. लोहाराची बायको म्हणाली, "गावप्रमुख, यादी वरून सुरू करणार की खालून?"

निकोलासा मागे उभी होती. घरी आल्यावर मी टोपी काढून म्हटलं, "गुरुवारी गाडी जोडतो. आगान्याला जाऊन सही करून येऊ."

ती मक्याची भाकरी थापत होती. म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"सही नाही, गाडी नाही, गुरुवार नाही," म्हणाली, आणि भाकरी उलटली.

तुला सगळं ठाऊकच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी तू माझ्यासाठी मागणी घालायला तिच्या सुसानामावशीच्या दारात गेली होतीस. मावशीनं नकार दिला आणि वर तुझ्यावर कुत्रा सोडला. नंतर दोनच महिन्यांत निकोलासा बोचकं घेऊन आपल्या घरी आली. आपल्या माणसांना झुगारून ती माझ्यासाठी आली, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्या मावशीच्या दारावरून मी अजून जात नाही. शेतावर जायला ओढ्याकडची लांबची वाट घेतो. तो कुत्रा एव्हाना मेला असेल, पण कुत्र्यांना पिल्लं होतात.

आता सांग, मी काय करू? दुसऱ्यांना लग्न करा म्हणून सांगत फिरायचं आणि स्वतःचं नाव यादीत पहिलं लिहायचं, हे या टोपीला शोभत नाही.

तुझा,
सिल्व्हेरिओ


गारापान, सायपान
११ ऑक्टोबर १८९९

चि. सिल्व्हेरिओ,

देव तुझं भलं करो, आणि टोपीचंही.

मी पोटभर हसले. शेजारीण विचारायला आली की बाई, कोण वारलं, इतका आवाज झाला. लहानपणी तू कोंबड्यांना रांगेत चालायला शिकवायचास ते आठवलं. तेव्हाही कोंबड्या तुझं फार अदबीनं ऐकायच्या.

आमची कथा निराळी आहे. तुम्हाला लढून घेतलं, आम्हाला विकलं. स्पेननं आमचं बेट जर्मनांना विकलं म्हणतात. नवे धनी अजून पोचायचे आहेत. तोवर आम्ही बेवारस आहोत, आणि खरं सांगू, बरं चाललंय.

निकोलासाचं मनावर घेऊ नकोस. या वयात बायकांना कशाचाही हट्ट सुटतो. मलाच बघ, मी गेल्या वर्षापासून उजव्या कुशीवर झोपायचं नाही असं ठरवलंय, कारण काय ते आता आठवतही नाही. तिला सांग की गव्हर्नरचा हुकूम आहे, खाली शिक्का आहे. शिक्का बघितला की माणूस नरमतो. तू गोड बोलून गाडीत बसव, बाकी रस्ता करेल.

जुनं काही उकरत बसू नकोस मात्र. सुसानामावशी आता किती म्हाताऱ्या झाल्या असतील. त्यांना त्या काळातलं काय आठवणार, आणि आठवलं तरी त्याचा आता काय उपयोग. त्यांच्याकडे जाऊ नकोस. कुत्रा काय, माणूस काय, जाऊ दे.

पायांना सूज येते म्हणून आवरतं घेते.

तुझी ताई,
एन्ग्रासिया


साग्वा
२८ ऑक्टोबर १८९९

प्रिय ताई,

तुझ्या हातावर ओठ टेकतो. पायांना खोबरेल तेल लाव आणि जमिनीवर बसू नकोस.

तुझा सल्ला मानला. शिक्का दाखवला. निकोलासानं कागद हातात घेतला, शिक्का पाहिला, म्हणाली, "गरुड आहे. कोंबडीसारखा दिसतो," आणि कागद मला परत दिला.

बाकी गावात माझा विजय झाला आहे. मागच्या मंगळवारी मी अकरा जोडपी गाड्यांत घालून आगान्याला नेली. नवऱ्या मुलींच्या कडेवर नातवंडं होती. एका जोडप्याचं बोलणं गेली सात वर्षं बंद आहे. त्यांनी न बोलता सह्या केल्या, न बोलता परत आले, आणि आता कायद्यानं बोलत नाहीत. आमच्या लोहारानं न्यायाधीशाला विचारलं, "साहेब, हे सुटायचा हुकूम कधी निघतो?" त्याच्या बायकोनं तिथेच त्याला कोपर मारलं. परत आल्यावर लग्नाची जेवणं सगळी निकोलासानं रांधली. अकराच्या अकरा जोडप्यांना तिनं वाढलं आणि मला शेवटी, उरलेलं.

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता ती आपण होऊन बोलली. म्हणाली, "आपल्या मुलीला मागायला तिची सासरची माणसं आली. तिघीजणी आल्या होत्या, गुडघे टेकून बसल्या. मी मोठी म्हणून चटईवर बसले, तीनदा नकार दिला, चौथ्यांदा हो म्हटलं. सगळं रीतीनं झालं. पण मला मागायला कुणी आलं नाही. तुझ्या घरून एक माणूस आलं नाही. मी आले ते तुझी आई अंथरुणाला खिळली होती म्हणून, आणि तू रडत होतास म्हणून. आता कागद घेऊन आलास."

मी म्हटलं, "अगं, माझी ताई आली होती की. तुझ्या मावशीनं कुत्रा सोडला."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "मावशीकडे कुत्रा कधी होता?"

मग आम्ही दोघं गेलो मावशीकडे. सव्वीस वर्षांनी मी त्या दारात पाऊल टाकलं, तेही अंगणात दगड हातात धरून. ताई, तिथे कुत्रा नाही. तिला कुत्र्याचे केस लागले की शिंका येतात, आयुष्यात तिनं कधी पाळला नाही. चौऱ्याऐंशीची आहे, एका डोळ्यानं दिसत नाही, पण जीभ शाबूत आहे. म्हणाली, "तीन संध्याकाळी वाट बघितली. अंगण झाडलं, चटई घातली, पान-सुपारी मांडली. कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी पानं सुकली, मी ती बकरीला घातली."

मी तिला हुकूम समजावून सांगायला गेलो, कारण माझ्या डोक्यात टोपी होती. ती म्हणाली, "ह्या तुझ्या साहेबांनी बेटावर येताना कुणाला विचारलं होतं?"

"कुणालाच नाही, मावशी."

"मग त्यांना मागणी म्हणजे काय ते कुठून कळणार?"

मी सुपारी खाल्ली.

म्हातारीची आठवण गेली आहे, दुसरं काय. वाटेत मी निकोलासाला तसंच सांगितलं. म्हटलं, माझी ताई खोटं बोलणारी नाही, तिच्या पोलक्याची बाही फाटलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. निकोलासा माझ्या दहा पावलं पुढे चालत घरी पोचली.

तू दोन ओळी लिहून पाठव म्हणजे झालं. कुत्रा काळा होता की तांबडा, एवढंच लिही. तिला दाखवतो. तारीख जवळ आली आहे.

तुझा,
सिल्व्हेरिओ


गारापान
२१ नोव्हेंबर १८९९

सिल्व्हेरिओ,

तुझी चिठ्ठी येऊन दहा दिवस झाले. मी तीनदा उत्तर लिहिलं. पहिल्यात कुत्रा काळा होता, दुसऱ्यात तांबडा. दोन्ही चुलीत घातली.

कुत्रा नव्हता. बाही मीच फाडली, आपल्या कुंपणाच्या खिळ्याला लावून. चांगलं पोलकं होतं ते.

मी गेले होते. फाटकापर्यंत गेले. आत सगळं दिसत होतं, झाडलेलं अंगण, चटई, त्यावर मांडलेलं तबक. मावशी नवं पोलकं घालून बसल्या होत्या. मी तिथे उभी राहिले आणि मनात हिशोब केला. आई अंथरुणाला खिळलेली. माझं सायपानला ठरलेलं, ईस्टरनंतर गलबत सुटणार. तुझं लग्न झालं तर तू निकोलासाच्या जमिनीवर राहायला जाणार, आणि मग आईपाशी कोण? मी. माझं गलबत जाणार, नवरा जाणार, आणि मी जन्मभर आईचं अंथरूण बदलत बसणार. मी फिरले. तू चार महिन्यांत विसरशील असं वाटलं. तुझं तेव्हा कशातच चार महिन्यांवर लक्ष टिकायचं नाही.

माझ्या हुशारीचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. जिला मी फाटकातून परत फिरून फसवलं, तीच बोचकं घेऊन न मागता आली, आणि चार वर्षं आपल्या आईचं सगळं तिनं केलं. मी इथे नारळाच्या बागेत बसून पत्रात लिहायची, 'आईची काळजी वाटते.' मला त्या वाक्याची आज इतकी शरम वाटते की सांगता येत नाही. मी वाईट वागले, सिल्व्हे. मला त्याबद्दल फार वाईट वाटतं, आणि आजवर मी ते कुणाला सांगितलं नाही.

माझ्याकडून या कागदानं मागणी घालते असं मावशींना सांग. मी आले असते, पण जर्मन आले. एकच साहेब आहे, पण चौघांइतका लिहितो. त्यानं पहिल्याच आठवड्यात हुकूम काढला की बेटाबाहेर जाणाऱ्यानं परवाना घ्यावा आणि कारण लिहावं. मी आता काय कारण लिहू?

हे निकोलासाला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. नाही दाखवलंस तर मला राग येणार नाही. खरं तर बरं वाटेल, इतकी मी अजून तशीच आहे.

एन्ग्रासिया


साग्वा, कोठडीतून
२ डिसेंबर १८९९

ताई,

पत्ता वाचून घाबरू नकोस. मी पाठवलेल्या यादीत एकच नाव उरलं होतं, ते माझं. मी खालून सुरू केली होती, तरी तेच पहिलं आलं. मागच्या शनिवारी एक तरुण लेफ्टनंट घोड्यावरून आला, सोबत दुभाष्या. म्हणाला, "एक सही तर करायची. अडचण काय आहे?"

मी म्हटलं, "साहेब, माझ्या घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायला हवं."

"मुलीचं वय?"

"एकोणपन्नास."

"आणि वडीलधारं कोण?"

"मावशी. चौऱ्याऐंशी."

"तुमच्या बाजूनं?"

"बहीण. पण ती आता जर्मनीत आहे."

दुभाष्यानं हे तीनदा सांगितलं. साहेबानं सगळं वहीत लिहून घेतलं. त्याची बिचाऱ्याची मान घामानं भिजली होती. शेवटी म्हणाला की कायदा तो कायदा, आणि दहा दिवस. आपली कोठडी म्हणजे मका ठेवायची जुनी खोली. त्यानं मला आत घातलं, कुलूप लावलं. किल्ली गावप्रमुखाकडेच राहावी असा लेखी हुकूम आहे, म्हणून ती खिडकीतून मला परत दिली आणि घोड्यावर बसून गेला. तेव्हापासून मी किल्ली खिशात घेऊन आत बसलो आहे. लोक येतात, खिडकीतून तक्रारी सांगतात, मी निकाल देतो. काल लोहार म्हणाला की बाहेर होतास त्यापेक्षा आता जास्त सापडतोस.

तुझी चिठ्ठी इथेच मिळाली. एकटा होतो, आधी वाचली. वाटलं, खाऊन टाकावी. मक्याच्या पोत्यात खुपसावी. मग निकोलासा जेवण घेऊन आली आणि माझं तोंड बघूनच म्हणाली, "वाच." मी वाचली. आईचं जिथे लिहिलं आहेस ते तिनं परत वाचायला लावलं. मग थाळी उचलून गेली. मी अजून जेवलो नव्हतो.

दोन दिवस शेजारीण जेवण आणून देत होती. तिसऱ्या दिवशी निकोलासा आली. खिडकीपाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "चिठ्ठीनं मागणी होत नाही. पायानं यावं लागतं. तुझ्या ताईला लिही."

म्हणून लिहितो. मला तुझा राग आला आहे, ताई. तो इथे लिहून ठेवतो, कारण समोर आलीस की मी विसरेन. सव्वीस वर्षं मी ओढ्याच्या वाटेनं गेलो. रोज जाऊन-येऊन अर्धा तास, नसलेल्या कुत्र्यापायी. ते जाऊ दे, मी मूर्ख आहे आणि मला चालणं मानवतं. पण त्या सव्वीस वर्षांत ती रोज समजत होती की आमच्या घरच्यांना ती नको होती. आणि मी तिला कधी विचारलं नाही. यात तुझं निम्मं, माझं निम्मं.

जर्मन साहेबाला काय कारण सांगायचं ते तू बघ. मी तीन दिवसांनी सुटतो.

सिल्व्हेरिओ


गारापान
१२ फेब्रुवारी १९००

सिल्व्हे,

सुखरूप पोचले. येताना ओकले तेवढीच जातानाही ओकले, त्यामुळे गलबतवाल्यानं मला ओळखलं.

परवान्याची गोष्ट तुला सांगायची राहिली. साहेबानं विचारलं, "प्रवासाचं कारण?" मी म्हटलं, "भावासाठी मागणी घालायची आहे." "भावाचं वय?" "बावन्न." त्यानं लेखणी खाली ठेवली. "ही घाई आहे का?" मी म्हटलं, "सव्वीस वर्षं उशीर झालाय." त्यानं कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं आणि आठ दिवस दिले. माणूस वाईट नाही. फक्त त्याला वाटतं की जे रकान्यात मावत नाही ते घडतच नाही.

तिथे असताना तुला मी सगळं सांगितलं नाही. बाहेर ओढ्यापाशी टोपी हातात घेऊन तू उभा होतास, विचारलंस काय झालं, आणि मी म्हटलं, 'विचार करून सांगते म्हणाल्या.' आता इथून लिहिणं सोपं आहे.

मी दारात गुडघे टेकले. पाय किती सुजलेले होते ते तू पाहिलंस. मावशी म्हणाल्या, "कोण?"

"सिल्व्हेरिओची बहीण, एन्ग्रासिया. मागणी घालायला आलेय."

"उशीर झाला."

"हो."

"वाटेत काय आडवं आलं?"

"कुत्रा आला असं सांगितलं होतं मी."

"माझ्याकडे कुत्रा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं. "मीच होते, मावशी."

त्यांनी मला ऊठ म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं. आईचं, गलबताचं, बाहीचं. सांगताना रडले. मावशींनी नाक पुसायला आपला पदर दिला, पण चेहरा तसाच कडक. मग म्हणाल्या, "बघू. मुलीला विचारून कळवते."

निकोलासा माझ्याशी आठ दिवसांत चांगली वागली. जेवायला वाढलं, पायांना तेल लावून दिलं. पण एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. मला वाटतं उत्तर नाही असं येईल. आलं तर ते बरोबरच आहे. तू तिला काही बोलू नकोस, टोपी घालून तर नाहीच.

तुझी ताई,
एन्ग्रासिया


साग्वा
१० मार्च १९००

एन्ग्रासिया,

मी निकोलासा बोलते आहे आणि तुझा भाऊ लिहितो आहे. जसं बोलते तसं लिहायचं, मध्ये शोभेचे शब्द घालायचे नाहीत, असं त्याला बजावलं आहे. (ताई, ती बोलते तसंच लिहितो आहे. सि.)

मावशीनं मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा मी म्हटलं, कपडे धुऊन होऊ देत. दुसऱ्यांदा पाणी आणायला गेले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, मी काही कायमची इथे नाही, तुला तो हवा का नको ते बोल. मी म्हटलं, आता त्याला दुसरी कोण घेणार. (हे लिहायलाच हवं का, असं मी विचारलं. हवं म्हणाली. सि.) मग मावशीनं चांगलं खडसावलं, म्हणाली, असं नाही, नीट सांग. मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. हे आमच्या बाजूचं उत्तर.

मग आम्ही आगान्याला गेलो. कारकुनानं जाडी वही उघडली आणि म्हणाला, तुमचं लग्न झालेलं आहे, तीन नोव्हेंबरला. साग्वा गावात सगळ्यांची लग्नं वेळेत झाली, असा अहवाल वर गेला आहे. सिल्व्हेरिओ म्हणाला, मग मी दहा दिवस आत कशाबद्दल बसलो? कारकुनानं पुन्हा वही बघितली. म्हणाला, त्याची कुठे नोंद नाही, तुम्ही बसलाच नाहीत. मी इतकी हसले की मला बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं. गाडीत परत येताना मी त्याला म्हटलं, यांच्या वहीत आपलं लग्न आपल्याशिवायच झालं. (टोपी मी त्याच दिवशी परत करणार होतो, पण गावप्रमुखच नसेल तर कोठडीची किल्ली कुणाकडे ठेवायची हे हुकमात लिहिलेलं नाही. सि.)

तर त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. आपल्यातले एक पाद्रीबाबा उरले आहेत, ते ईस्टरनंतरच्या शनिवारी मावशीच्या घरी येऊन लग्न लावतील. मिरवणूक नाही, ती बंद आहे. जेवण आहे. मी रांधणार नाही, मी नवरी आहे. लोहाराची बायको रांधणार आहे.

आता तुझं. मला राग नाही असं लिहू नकोस म्हणून त्याला सांगितलं आहे. राग आहे. तू तेल लावून घेत होतीस तेव्हाही होता. तो जाईल की नाही मला माहीत नाही, पण तो असताना तू यायला माझी हरकत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगणार नव्हते. शेवटचे तीन महिने तुझ्या आईला माणसं ओळखू येत नव्हती. ती मला एन्ग्रासिया म्हणायची. माझ्या एन्ग्रासिया, तू गेली नाहीस ना, असं विचारायची. रोज विचारायची. आणि मी ओ द्यायचे. म्हणायचे, नाही गं आई, इथेच आहे मी. ती गेली तेव्हा तिचा हात तुझ्याच हातात होता, तिच्या लेखी. हे मी तेव्हा तुझ्यासाठी केलं नव्हतं. तिच्यासाठी केलं. पण आता तुला सांगून टाकते, म्हणजे तुला कळेल.

(ताई, मलाही हे माहीत नव्हतं. सि.)

त्या जर्मन साहेबाला सांग, या वेळी आठ दिवस पुरणार नाहीत. नवऱ्या मुलाकडचं दुसरं मोठं माणूस नाही, तूच हवीस. कारण विचारलं तर भावाचं लग्न म्हण. आणि पायांना तेल लाव.

खाली माझं नाव घालू नकोस म्हटलं आहे त्याला. एवढंच लिही:

तुझी भावजय